मदत हवी आहे: बीटी वेल टँक इंजिनाची पाण्याची टाकी नक्की असते कुठे?

नमस्कार मंडळी, आम्ही इंग्लंडमधे एल्सबरीजवळ राहतो, मागच्या महिन्यात पोराला घेऊन क्वेंटनच्या रेल्वे सेंटरला गेलो होतो, तिथलं ३०५८५ नंबरचं छोटं इंजिन त्याला इतकं आवडलं की आता घरात पुठ्ठ्याचं तसंच इंजिन बनवणं चालू आहे. म्हणजे बनवतोय मी, साहेब नुसत्या सूचना देतायत.

वाचून एवढं कळलं की जोसेफ बीटी या इंजिनियरने लंडन अँड साउथ वेस्टर्न रेल्वेसाठी ही इंजिनं केली, १८६३ ते १८७५ मधे ८५ बनली, त्यातली बरीचशी मँचेस्टरच्या बेयर पीकॉक कारखान्यात, आणि लंडनच्या आसपासच्या लोकल ओढायची. पुढे जवळजवळ सगळी गेली, फक्त ३ कॉर्नवॉलमधे वेनफर्ड ब्रिजच्या, चिनी माती वाहून नेणाऱ्या लाइनवर राहिली, कारण तिथली वळणं इतकी अवघड की दुसरं इंजिन नीट बसेना. ती पार १९६२ पर्यंत चालली!

आता अडलंय ते असं. टँक इंजिन, म्हणजे पाणी स्वतःवरच वाहणारं, म्हटलं की बॉयलरच्या दोन्ही बाजूला टाक्या असतात ना? इथे बॉयलर उघडाच, मागे कोळसा. मग पाणी कुठे? पोरगा रोज विचारतो, बाबा हे तहानलेलंच चालतं का. दुसरं म्हणजे मोठ्या चाकांवरचं मडगार्ड काही फोटोत गोल दिसतं, काहींत चौकोनी. खरं कुठलं?

प्रतिसाद १:
अहो नावातच आहे की, वेल म्हणजे विहीर. टाकी खाली, फ्रेमच्या दोन पट्ट्यांच्या मधे असते, त्यामुळे बाहेरून दिसणारच नाही, तुमचा पुठ्ठा वाचला. वजनही खाली राहतं.

प्रतिसाद २:
दोन्ही खरी. चौकोनी मडगार्ड त्या ३ पैकी ३०५८६ चं, ते भंगारात गेलं. तुम्ही पाहिलेलं ३०५८५ आणि बॉडमिनचं ३०५८७ गोलवाले. आणि १८७४ सालचं, म्हणजे ते नवं असतानाचं रूप करायचं असेल तर ३०५८५ लिहू नका, तो नंबर १९४८ नंतरचा, मूळ नंबर ३१४. पण तिघांनाही नंतर नवे बॉयलर बसवलेत, तेव्हा आत्ताचे फोटो बघून १८७४ चं करायला जाल तर फसाल.

मूळ धागाकर्ता:
मनापासून आभार दोघांचे! १८७४ चा नाद सोडला. घोळ एवढाच की मडगार्ड चौकोनी कापून चिकटवून पण झालेत, फेविकॉल वाळलाय. त्यामुळे आमचं आता ३०५८६. पोराला भंगाराचं सांगितलं तर म्हणाला, मग बरं झालं ना, आपण त्याला परत बनवलं.