'आबेय' आणि मधाची माशी

फ्रेंचमधील 'आबेय' (मधमाशी) हा शब्द लॅटिन 'आपिस'पासून थेट आला, असे म्हटले जाते. त्यात थोडी दुरुस्ती आवश्यक वाटते. 'आपिस'चा उत्तर फ्रान्समधील थेट वारस 'एफ' हा होता, पण झिजत झिजत काही बोलींत तो 'ए' एवढ्या एका स्वरावर आला, आणि इतका तोकडा शब्द व्यवहारात टिकणे अवघडच होते. 'आबेय' हा दक्षिण फ्रान्समधील ऑक्सितान भाषेतून उसना घेतलेला शब्द असून त्याचे मूळ 'आपिकुला' ('लहान मधमाशी') या लघुत्वदर्शक रूपात आहे. याची खूण त्यातील 'ब'मध्ये दिसते, कारण उत्तरेत स्वरांमधल्या 'प'चा 'व' होतो; लॅटिन 'सापेरे'चे 'साव्वार' झाले ते त्याच नियमाने. पश्चिमेकडील बोलींतील 'आवेत'मध्ये हा 'व' आहेच. भाषाशास्त्रज्ञ झील्येराँ यांनी 1918 साली केवळ मधमाशीच्या नावांवर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला, यावरून हा गुंता किती मोठा आहे ते कळेल. पिकार्दीसारख्या उत्तरेकडील भागात तर लोकांनी सरळ 'मुश आ म्येल', म्हणजे 'मधाची माशी' म्हणायला सुरुवात केली; आपल्या 'मधमाशी'ची घडण नेमकी हीच आहे, मात्र दोन्हींचा परस्परसंबंध काही नाही.