मदत हवी आहे: हळू धावताना उजव्या गुडघ्याची बाहेरची बाजू दुखते

वेग किलोमीटरला साधारण ९ मिनिटं, गप्पा मारत धावता येईल इतकाच. शर्यत, वेळ वगैरे डोक्यात नाही. रोज ५ किलोमीटर मजेत व्हावेत, बस. तिसऱ्या किलोमीटरनंतर उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला टोचायला लागतं, उतारावर जास्त. चालायला लागलं की थांबतं. सूज नाही, गुडघा अडकत नाही.

नाशिकमध्ये गंगापूर रोडला समोरून येणारी वाहनं दिसावीत म्हणून उजव्या कडेने धावतो. रस्ता कडेला उतरता, त्यामुळे उजवा पाय कायम खाली पडतो. संशय त्यावरच आहे. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर त्रास कमी, पण सगळे एकाच दिशेने फिरतात आणि सकाळी गर्दीत उलटं धावणं म्हणजे शिव्या खाणं.

करून पाहिलं: नवे बूट, ३ मिनिटं धावणं-१ मिनिट चालणं, पावलं आखूड करून मिनिटाला १५५ वरून १६५. थोडा फरक. कुशीवर झोपून पाय उचलण्याचा व्यायाम नुकताच सुरू केलाय. धावणं पूर्ण बंद करायचं नाही. वेळ पहाटे साडेपाच ते साडेसहा, जिम नाही.

पाथर्डी फाटा किंवा सोमेश्वरच्या बाजूला किलोमीटरभर तरी सपाट मातीचा पट्टा आहे का, जिथे त्या वेळी उजेड असतो आणि कुत्री मागे लागत नाहीत? आणि असं दुखणं गेलेल्यांनी अंतर किती कमी केलं होतं?