हाडाचा पेशंट व्हिडिओवर कसा दाखवायचा?

प्रश्न – सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी), देवगड तालुका

नमस्कार. मी उपकेंद्रावर असते. बीपी-शुगरचे पेशंट ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या व्हिडिओ-सल्ला सेवेवर, डॉक्टरांना दाखवायला काही वाटत नाही, पण हाडाचा पेशंट आला की घालमेल होते. आमच्याकडे एक्स-रे नाही. पावसात पाखाडीच्या (दगडी पायवाटेच्या) जांभ्यावर शेवाळ धरतं, मनगट मोडलेल्या बायका येतात. आंब्याच्या दिवसांत कलमावरून पडलेले गडी. प्रत्येकाला ओरोसला जिल्ह्याच्या रुग्णालयात पाठवायचं तर त्यांचा अख्खा दिवस मोडतो, मजुरीही बुडते.

परवा एक आजी गुडघा धरून बसल्या आणि मोबाइलकडे बघून म्हणाल्या, “पायाक हात लावल्याशिवाय डाक्टराक काय कळतला?” मला उत्तर सुचलं नाही. पलीकडच्या डॉक्टरांना नेमकं काय दिसायला हवं? आणि कॉल न लावता सरळ गाडीत कोणाला घालायचं?

उत्तर – अस्थिरोगतज्ज्ञ, रत्नागिरी

ताई, आजींचं बरोबर आहे. म्हणूनच हात तुमचा लागतो.

गुडघ्यासाठी मोबाइल गुडघ्याच्या उंचीवर धरा, दोन्ही गुडघे उघडे, एकाच चौकटीत. खुर्चीतून उठताना आणि चार पावलं चालताना दाखवा, मला निम्मं तिथेच कळतं. मग हाताची मागची बाजू दोन्हींवर लावून कोणता गरम ते सांगा. घोटा मुरगळला असेल तर दोन्ही बाजूंच्या हाडांची मागची कड खालून वर दाबत या. हाडावरच दुखलं किंवा चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे हवाच.

एक्स-रेचा फोटो हा माझा रोजचा त्रास आहे. फिल्म ट्यूबलाइटसमोर हातात धरून काढलेल्या फोटोत बोटांच्या सावल्याच दिसतात. व्ह्यू-बॉक्स नसेल तर उजेडाच्या खिडकीच्या काचेला लावा, फ्लॅश बंद, समोरची आणि बाजूची दोन्ही चित्रं, डावं-उजवं वाचता येईल असं.

कॉलची वाट बघायची नाही ते हे: हाड बाहेर आलेलं, हातपाय गार किंवा बधिर, पडल्यानंतर पाय आखूड होऊन पंजा बाहेर वळलेली म्हातारी माणसं, कंबरदुखीबरोबर लघवी अडलेली, तापासह सांधा सुजलेलं मूल. झाडावरून पडलेल्याची मान न हलवता 108 बोलवा.

आणि व्हिडिओवर ट्रामाडोल मागू नका. 2018 पासून ते एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्याखाली आहे आणि 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशी औषधं दुरून लिहून देता येत नाहीत. इतर वेदनाशामकाआधी किडनी, बीपी, पित्त विचारून मला सांगा.

उत्तर – आशाताई, वेंगुर्ला

माझ्या सासूबाईंचं मनगट मोडलं, प्लास्टर घालून घरी आणलं. रात्री बोटं फुगली, कळ थांबेना. फोन केला तर “हात उंच ठेवा, सकाळी बघू” असं उत्तर आलं. बोटं दाखवा, असं कुणी म्हणालंच नाही. पहाटे रिक्षा करून नेलं, प्लास्टर कापल्यावर त्या रडायच्या थांबल्या. तेव्हापासून मी वाडीतल्या प्रत्येक प्लास्टरवाल्याचं नख दाबून बघते. पांढरं झालेलं नख दोन सेकंदांत लाल झालं नाही, बोटं हलवताना जीव जात असेल, तर रात्र असली तरी निघायचं.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. खिडकीची काच आजच पुसून घेतली. आजींना मंगळवारी परत बोलावलंय. या वेळी डॉक्टर सांगतील तसा त्यांचा गुडघा मी माझ्या हाताने तपासणार, आणि मोबाइल धरायला त्यांच्या नातवाला बसवणार.