स्वनिधीचे १० हजार : मदत की कर्ज? आणि शिफारसपत्र कोण देतं?

गल्लीबोळ (जून २०२१)
आमच्या भाजीवाल्या मावशींसाठी विचारते आहे. पहिल्या टाळेबंदीच्या आधीपासून शेजारच्या गावातून शहरात येऊन हातगाडी लावतात. नगरपालिकेच्या सर्वेक्षणात नाव आलं नाही, ओळखपत्र नाही. केंद्र सरकारच्या फेरीवाल्यांसाठीच्या पीएम स्वनिधी योजनेचे १०,००० त्यांना मिळतील का? कोणी म्हणतं ते परत करायचे नसतात, कोणी म्हणतं बँक तारण मागते. राज्याचे १,५०० यातलेच का?

हिशेबनीस
दोन्ही पैसे वेगळे. १,५०० ही राज्याची मदत, १३ एप्रिल २०२१ ला कोरोना निर्बंधांसोबत जाहीर झालेली, नोंदणीकृत फेरीवाल्यांसाठी. ती फेडायची नाही. परवानाधारक रिक्षाचालकांनाही तेवढीच जाहीर झाली होती.

स्वनिधी मात्र कर्ज आहे. आत्ताच्या, म्हणजे २०२१ च्या, नियमांनुसार १०,००० पर्यंत, वर्षभरात मासिक हप्त्यांनी फेडायचं. तारण नाही, ते मागितलं तर ठाम नकार द्या. मुदतीआधी फेडलं तरी दंड नाही. यातली खरी सवलत म्हणजे व्याजातले ७ टक्के, आणि इथेच बहुतेकांची गफलत होते. हप्ता कमी होत नाही! बँकेचा दर २४ टक्के असेल तर हप्ता ९४६ च्या आसपास, वर्षाचं व्याज सुमारे १,३५०. ते पूर्ण भरायचं. अनुदान दर तिमाहीला वेगळं खात्यात येतं, वर्षाचे मिळून ४०० च्या आसपास. हप्ते थकून खातं एनपीए (बुडीत-थकीत) झालं की त्या काळाचं अनुदान मिळत नाही. म्हणून कर्ज घेण्याआधी बँकेचा व्याजदर नक्की विचारा. १२ टक्क्यांना हप्ता ८८९ च्या आत बसतो.

पथारी
सर्वेक्षणात नाव नाही, ओळखपत्र नाही, म्हणजे त्याऐवजी शिफारसपत्र लागणार, आणि मावशींचं घोडं तिथेच अडणार. बाहेरगावाहून येऊन शहरात विकणाऱ्यांची सोय योजनेत आहे, पण पत्र *ज्या शहरात विकतात* तिथली नगरपालिका किंवा नगर पथविक्रेता समिती देते. लोक ग्रामपंचायतीचा दाखला घेऊन येतात आणि हेलपाटा पडतो.

२०२१ च्या नियमांनुसार, २४ मार्च २०२० ला किंवा त्याआधी धंदा करत होत्या, हे दाखवायचं आहे. फेरीवाला संघटनेचं सदस्यत्व, टाळेबंदीत मिळालेल्या सरकारी मदतीची नोंद, धंद्यासाठी पूर्वी घेतलेल्या कर्जाचे कागद, यातलं काहीही चालतं. काहीच नसेल तर साध्या कोऱ्या कागदावर अर्ज करा : धंद्याची जागा, माल, किती वर्षं, आणि "स्थानिक चौकशी करून शिफारसपत्र द्यावे" ही विनंती. ही तरतूद मार्गदर्शक सूचनांतच आहे. पत्र १५ दिवसांत द्यायचं असतं, म्हणून अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

गल्लीबोळ
धन्यवाद! मावशींचा आधार जुन्या मोबाइल नंबरला जोडलेला आहे, तो नंबर आता बंद. अडचण येईल?

पथारी
येईल. ऑनलाइन अर्जात आधारचा ओटीपी त्याच नंबरवर जातो. आधी आधार केंद्रात नंबर बदलून घ्या, मग अर्ज. उलट क्रमाने केलं की अर्ज अर्धवट लटकतो. बँक खातंही आधारला जोडलेलं आहे ना, ते त्याच फेरीत पाहून घ्या.

हिशेबनीस
क्यूआर कोडचं राहिलं. गिऱ्हाइकांनी त्यावरून पैसे दिले की योजनेतून बक्षीस (कॅशबॅक) मिळतं. २०२१ च्या नियमांनुसार महिन्याला ५० डिजिटल व्यवहार झाले की ५० रुपये, १०० ला ७५, २०० ला १००. वर्षाचे जास्तीत जास्त १,२००, म्हणजे व्याजाच्या अनुदानापेक्षा कितीतरी जास्त. पण २५ रुपयांखालचा व्यवहार मोजला जात नाही. कोथिंबिरीची एक जुडी आणि लिंबू यात धरलं जाणार नाही, आठवड्याची भाजी घेणारी गिऱ्हाइकं मात्र धरली जातील. आणि कोड मावशींच्याच नावाचा हवा. मुलाच्या फोनवरचा चिकटवला तर व्यवहार मुलाच्या खात्यावर जातात, मावशींच्या कर्जाशी त्या व्यवहारांचा मेळ लागत नाही.