साइन आणि जीवा: गणिताचा इतिहास वर्गात सांगावा का?

प्रश्न (नौपाडा, ठाणे)
माझी मुलगी सेमी-इंग्रजीतून दहावीला आहे. साइन-कोसाइनच्या किमती तिला तोंडपाठ आहेत. पण हे गुणोत्तर मुळात कोणाला आणि कशासाठी सुचले, असे वर्गात विचारले की "आधी पोर्शन संपू दे" हेच उत्तर मिळते. इतिहास सांगितल्याने समज खरोखर वाढते, की पाठांतरात आणखी एका धड्याची भर पडते?

उत्तर (वाशी, खासगी शिकवणी)
ताई, मी फळ्यावर वर्तुळ काढून त्यात जीवा (वर्तुळावरचे दोन बिंदू जोडणारी रेषा) ओढते, केंद्रातून तिच्यावर लंब टाकते आणि तिचा अर्धा भाग रंगीत खडूने गिरवते. त्रिज्या हा कर्ण आणि ही अर्धी जीवा समोरची बाजू, म्हणजे अर्धी जीवा भागिले त्रिज्या हाच साइन; आर्यभटाने इ.स. 499 मध्ये याच अर्ध्या जीवांचे फरक 24 पायऱ्यांत मांडले. 'जीवा' अरबीत 'जीब' झाली, तिथे स्वर लिहीत नसल्यामुळे पुढे 'जैब' अशी वाचली गेली, आणि 'जैब' म्हणजे वस्त्राची घडी (हिंदीतला 'जेब' त्यातलाच) म्हणून लॅटिनमध्ये तिचे 'सायनस' असे भाषांतर झाले. एवढ्याला दहा मिनिटे लागतात. त्यानंतर मुले गुणोत्तर उलटे लिहीत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

उत्तर (नेरूळ)
माझे मत थोडे वेगळे आहे. आमच्या शाळेत इतिहास म्हणजे चौकटीतली चरित्रे होती, आणि जन्मसालासाठी एक गुण. मला खरा धीर आला तो थोरांच्या चुका कळल्यावर. ऋण गुणिले ऋण धन, हा नियम 628 मध्ये देणाऱ्या ब्रह्मगुप्ताने शून्य भागिले शून्य हे शून्यच मानले होते, आणि मी सातवीत नेमके तेच लिहून पट्टी खाल्ली होती! भास्कराचार्यांनी 1150 मध्ये शून्याने भागलेल्या राशीला 'खहर' म्हणून अनंत मानले. तेही आजच्या गणितात तसेच्या तसे चालत नाही. हा वाद वर्गात मांडला असता, तर शून्याने का भागायचे नाही हे मला तेव्हाच कळले असते.

प्रश्नकर्ती
दोघांचेही आभार. वर्तुळाची आकृती काल रात्री वहीत काढून दाखवली. तिचा लगेच पुढचा प्रश्न: "मग कोसाइनमधला 'को' कुठून आला?"

वाशी
आपल्याकडे तिला 'कोटिज्या' म्हणतात, म्हणजे कोटिकोनाची (90 अंशांतून मूळ कोन वजा केल्यावर उरणाऱ्या कोनाची) 'ज्या', अर्थात साइन. तो 'को'ही त्याच अर्थाचा आहे. साइन 30 आणि कोसाइन 60 यांच्या किमती तिला शेजारी शेजारी लिहायला सांगा.