ग्वाल्हेर किल्ल्याचा अनामिक फोटो: आभाळ उडालेलं नाही

ग्वाल्हेर किल्ल्याच्या या जुन्या फोटोत आभाळ पांढरंफटक आहे म्हणून प्रिंट उडाली, म्हणजे फिकी पडली, असं दोघांनी म्हटलंय. मला पटत नाही. प्रिंट उडते तेव्हा आधी उजळ भागातले बारकावे जातात, आणि इथे तर उन्हातल्या तटाच्या दगडांचे सांधेसुद्धा शाबूत आहेत. जुन्या काळी निगेटिव्ह काचेवर असायची; ओल्या कोलोडियनच्या (प्रकाशाला संवेदनशील चिकट थराच्या) अशा काचेला फक्त निळा-जांभळा प्रकाश कळायचा. म्हणून आभाळ कोरं आणि झाडी काळी. मानमंदिराच्या (किल्ल्यातल्या राजवाड्याच्या) भिंतीवरचे पट्टे मोठे करून बघा: निळ्या टाइल्स जवळजवळ पांढऱ्या, पिवळ्या मात्र काळपट! किती सुरेख पुरावा आहे हा. भिंत पूर्वेकडची आणि उजेडात, म्हणजे वेळ सकाळची. झाडांचे शेंडे पुसट, कारण एक्सपोजर काही सेकंदांचं.

प्रिंटचा कागद कोणता ते ओळखायला दहापट भिंग घ्या, टॉर्च तिरपा धरा. तंतू दिसले आणि उजळ भाग पिवळट असला तर बहुधा अल्ब्युमेन (अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेला जुना कागद). तंतू झाकलेले, गडद कडांवर चंदेरी झाक असेल तर जिलेटिनचा थर असलेला, नंतरचा कागद. जिलेटिन निघालं तरी फोटो जुना असू शकतो, काचेच्या निगेटिव्हवरून प्रिंट नंतरही काढतात. फक्त आल्बमच्या पानावरून सोलू नका, अल्ब्युमेनचा कागद फार पातळ असतो, लगेच फाटतो.