‘रिव्हायव्हल’ म्हणजे पुनरुज्जीवन, जीर्णोद्धार की नुसते ‘नव’?

प्रश्न

न्यूयॉर्कच्या वूलवर्थ इमारतीविषयीचा मजकूर मी मराठीत आणत आहे. कॅस गिल्बर्ट यांनी आखलेली ही २४१ मीटर उंचीची इमारत १९१३ साली खुली झाली आणि १९३० पर्यंत जगातील सर्वांत उंच इमारत म्हणून ओळखली जात होती. तिच्या शैलीला ‘गॉथिक रिव्हायव्हल’ म्हणतात (गॉथिक म्हणजे मध्ययुगीन युरोपातील चर्चची टोकदार कमानींची शैली). त्यासाठी मी ‘गॉथिक पुनरुज्जीवन शैलीतील कार्यालयीन मनोरा’ असे लिहिले आहे, परंतु वाचताना शब्द आणि वस्तू यांचा मेळ बसत नाही असे वाटते. ‘जीर्णोद्धार’ चालेल का? ‘फ्लाइंग बट्रेस’, म्हणजे भिंतीला बाहेरून दिलेला कमानीसारखा आधार, यासाठीही शब्द हवा आहे.

प्रतिसाद १

‘जीर्णोद्धार’ येथे मुळीच चालणार नाही. जीर्णोद्धार एका विशिष्ट वास्तूचा होतो, शैलीचा होत नाही. देऊळ मोडकळीस आले, ते त्याच जागी पुन्हा उभे केले, तर तो जीर्णोद्धार. व्हेनिसमधील सेंट मार्कचा घंटामनोरा १९०२ साली कोसळला आणि १९१२ मध्ये जुन्या रूपात, जुन्याच जागी पुन्हा उभा राहिला. त्याला हा शब्द चपखल बसतो. गंमत अशी, की तो मनोरा जमीनदोस्त असतानाच, १९०९ साली, त्याच्याच धर्तीवरचा मेट्रोपॉलिटन लाइफ विमा कंपनीचा मनोरा न्यूयॉर्कमध्ये पूर्ण झाला, तोही मुळाच्या दुपटीहून उंच. त्याला जीर्णोद्धार म्हणता येत नाही, आणि इतका फुगवलेला असल्यामुळे प्रतिकृती म्हणतानाही जीभ अडखळते.

‘पुनरुज्जीवन’ हा शब्द मी चळवळीसाठी राखून ठेवेन. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये मध्ययुगीन चर्चवास्तूंचा अभ्यास करून ती बांधणी पुन्हा प्रचारात आणण्याचा जो प्रयत्न झाला, ते गॉथिकचे पुनरुज्जीवन. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी आखलेले मुंबईचे व्हीटी स्थानक (आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) १८७८ ते १८८८ या काळात उभे राहिले. तेथे कमानी आणि जाड दगडी भिंती केवळ दिसत नाहीत, त्या खरोखरच भार पेलतात, म्हणून तेथे ‘उज्जीवन’ हे पद सार्थ आहे. वूलवर्थचे तसे नाही. तिचा सगळा भार पोलादी सांगाड्यावर आहे. बाहेरची टोकदार कमानींची, उभ्या रेघांची नक्षी टेराकोटाची, म्हणजे भट्टीत भाजलेल्या मातीच्या फरशांची आहे आणि ती सांगाड्याला अडकवलेली आहे. यात जिवंत झाले असेल तर ते गॉथिकचे रूप. बांधणीची रीत तेथे नाहीच. म्हणून इमारतीपुरते ‘नवगॉथिक’ हे विशेषण मला अधिक प्रामाणिक वाटते.

आणखी एक अडचण लक्षात घ्यावी. ‘रेनेसाँ’ला मराठीत प्रबोधन म्हणतात, तसे पुनरुज्जीवनही म्हणतात. तेव्हा मेट्रोपॉलिटनच्या ‘रेनेसाँ रिव्हायव्हल’ शैलीचे भाषांतर ‘पुनरुज्जीवनाचे पुनरुज्जीवन’ असे होऊन बसेल.

प्रतिसाद २

‘नव’ या उपसर्गाला माझा विरोध नाही, परंतु टेराकोटाच्या आवरणाला केवळ सोंग समजणे अन्यायाचे आहे. उभ्या रेघांमुळे नजर थेट वर जाते आणि उंची जाणवते. गिल्बर्ट यांना गॉथिक हवे होते ते याचसाठी. वरच्या मजल्यांवरची नक्षी रस्त्यावरून दिसावी म्हणून मुद्दाम मोठ्या मापाची केलेली आहे. हा विचार मध्ययुगीन गवंड्यालाही परका नव्हता.

‘फ्लाइंग बट्रेस’साठी ‘धिरा’ हा आपला शब्द आहे. कलती भिंत पडू नये म्हणून बाहेरून जो आधार देतात तो धिरा. त्याला कमानीचे रूप असेल तर ‘कमानी धिरा’ म्हणावे. ‘उडता’ हे विशेषण मात्र टाळावे, कारण मराठीत उडता टेकू म्हटल्यावर तो निसटलेला टेकूच डोळ्यांपुढे येतो. शिकागोच्या ट्रिब्यून टॉवरच्या (१९२५) माथ्याभोवती असे धिरे आहेत आणि ते फ्रान्समधील रूआँ येथील कॅथेड्रलच्या मनोऱ्यावरून सुचलेले आहेत. पण इमारत पोलादी सांगाड्यावर उभी असल्याने त्यांच्यावाचून ती पडणार नाही. तेथे ‘शोभेचे धिरे’ असे स्पष्ट लिहावे, नाहीतर वाचकाची दिशाभूल होईल.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

दोघांचेही आभार. ‘धिरा’ घेतला. आता एक उपप्रश्न उरतो: वूलवर्थच्या दालनात कमानींखाली लहान, गमतीदार मानवी शिल्पे आहेत, एकात मालक वूलवर्थ नाणी मोजत आहेत, दुसऱ्यात गिल्बर्ट इमारतीची छोटी प्रतिकृती कवटाळून आहेत. यांना काही ठिकाणी ‘गार्गॉयल’ म्हटलेले आढळते. मी ‘कीर्तिमुख’ लिहावे काय?

प्रतिसाद १

दोन्ही चुकतील. गार्गॉयल ही मूळची पन्हळ आहे. छपरावरचे पाणी भिंतीपासून दूर टाकणारे प्राण्याचे तोंड. आपल्या देवळांतील मकरमुख किंवा गोमुख त्याच्या जवळचे आहे, आणि व्हीटीच्या बाहेरच्या भिंतींवरील प्राण्यांना ‘मकरमुख’ म्हणणे शोभेल. कीर्तिमुख म्हणजे देवळांतील उग्र चेहऱ्याचे शिल्प, त्यातून पाणी वाहत नाही. ते उंबऱ्यावर किंवा कमानीच्या माथ्यावर बसवलेले असते आणि त्याला स्वतःची कथा आहे. दालनात छपराखाली पाण्याचा संबंधच नाही. आपल्या शिल्पांना सरळ ‘व्यंगशिल्पे’ म्हणा. नाणी मोजणाऱ्या मालकाला, ज्याचा धंदाच पाच आणि दहा सेंटांच्या वस्तू विकण्याचा होता, त्याहून नेमका शब्द सापडणार नाही.